माणसांबरोबर काम करायला शिकताना : नव्याने नोकरीला लागणाऱ्यांसाठी

नोकरी मिळेपर्यंत दिलेल्या बहुतेक परीक्षा आपण एकट्याने दिलेल्या असतात. उत्तरपत्रिका आपली, गुणही आपले. कामावर रुजू झालं की पहिल्याच आठवड्यात हे बदलतं. तुमचं काम दुसऱ्या कुणीतरी आधी केलेल्या कामावर उभं असतं आणि तुमच्यानंतर ते आणखी कुणाच्या तरी हाती जाणार असतं. मी बरीच वर्षं नव्याने आलेल्या मुलामुलींबरोबर काम करते आहे. त्यांचं काम अडतं ते क्वचितच ज्ञान कमी पडल्यामुळे. विचारायला हवं होतं ते विचारलं नाही, कळवायला हवं होतं ते दडपलं, किंवा एखादं वाक्य इतकं मनाला लागलं की पुढचे चार दिवस बोलणंच बंद झालं, अशी कारणं मला जास्त दिसतात.

सॉफ्ट स्किल्स आणि भावनिक बुद्धिमत्ता या नावांखाली जे शिकवलं जातं त्याचा संबंध इथे येतो. भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये शास्त्रीय लेखातून मांडली. पुढे त्यांनी तिचे चार भाग सांगितले : भावना ओळखणं, विचार करताना त्यांचा उपयोग करणं, त्या कुठून आल्या आणि कुठे जातील हे समजणं, आणि त्या हाताळणं. या चारांत ‘सगळ्यांना आवडणं’ कुठेच नाही, हे नीट लक्षात घ्या. हसतमुख असणं, छान इंग्रजी बोलणं, सभेत छाप पाडणं यांचा फायदा होतो, पण मी माणूस पारखताना वेगळंच बघते. त्याच्यापर्यंत खरी माहिती वेळेवर येते का, आणि त्याच्याकडून ती वेळेवर पुढे जाते का? खालच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नासाठी आहेत.

हे स्वभावावर अवलंबून असतं, असं समजून स्वतःला वगळू नका. अबोल माणसं यात फार चांगली निघतात. कामांचं स्वरूपही त्याच दिशेने जातं आहे. डेव्हिड डेमिंग या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९८० ते २०१२ या काळात, माणसांशी भरपूर संबंध येणाऱ्या कामांचा एकूण नोकऱ्यांमधला वाटा तिथे जवळपास १२ टक्के अंकांनी वाढला होता.

सुरुवातीला काय जवळ हवं

- एक साधी वही, फक्त तुमच्यासाठी. कार्यालयाच्या संगणकावर ही नोंद ठेवू नका.
- तुमच्या कामाचं स्वरूप आणि जबाबदाऱ्या लिहिलेला कागद. नेमणूकपत्रात ते स्पष्ट नसेल तर वरिष्ठांकडून लेखी मागून घ्या.
- कोण कुणाला काम कळवतं, याचा तुम्ही स्वतः काढलेला तक्ता. अधिकृत तक्ता आणि प्रत्यक्षातला तक्ता बहुधा वेगळे असतात.
- गैरवर्तन आणि तक्रारींबद्दलचे संस्थेचे नियम. पहिल्याच आठवड्यात वाचा. गरज पडेल तेव्हा शांतपणे वाचण्याची मनःस्थिती नसते.
- तुमच्या थेट वरिष्ठ नसलेली, दोन-तीन वर्षं तिथे काम केलेली एक व्यक्ती. ‘हे इथे असंच असतं का?’ असं तिला विचारता यायला हवं.

१. ऐकीव आकडे आधी बाजूला ठेवा

या विषयाच्या प्रशिक्षणांत दोन आकडे हमखास ऐकू येतात, आणि दोन्ही चुकीच्या अर्थाने.

पहिला : यशात ८० टक्के वाटा भावनिक बुद्धिमत्तेचा असतो. भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना जगभर पोहोचवली डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने. बुद्ध्यंकाचा वाटा फार तर २० टक्के आणि उरलेला इतर गोष्टींचा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या इतर गोष्टींत माणसाची सामाजिक परिस्थिती येते आणि नशीबही येतं. सगळे ८० टक्के भावनिक बुद्धिमत्तेच्या खात्यावर लोकांनी नंतर जमा केले.

दुसरा : संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. अल्बर्ट मेहराबियन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हे आकडे आले आहेत. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नावडतो, हे सुट्या शब्दांवरून, आवाजावरून आणि चेहऱ्यावरून कसं ओळखलं जातं, एवढाच त्या प्रयोगांचा विषय होता. सगळ्या संवादाला हे आकडे लागू होत नाहीत, असं त्यांनी स्वतःच नंतर स्पष्ट केलं.

पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवणारी मुलं कामाचं ज्ञान दुय्यम मानू लागतात. दुसऱ्यावर विश्वास ठेवणारी आरशासमोर हातवाऱ्यांचा सराव करत बसतात आणि सांगायचा मजकूर कच्चाच राहतो. तुमचं काम तुम्हाला आलंच पाहिजे. ते येत नसेल तर ही कौशल्यं तुम्हाला काही महिने सांभाळून घेतील, त्यापुढे नाही.

२. भावना ओळखा आणि तिला नेमकं नाव द्या

‘टेन्शन आलंय’ म्हणून आपण मोकळे होतो. पण त्या एका शब्दाखाली काय काय दडलेलं असतं, ते बघा. काम जमणार नाही ही भीती असू शकते. सगळ्यांसमोर चूक दाखवल्याचा अपमान असू शकतो. बरोबरच्याला चांगलं काम मिळालं म्हणून वाटलेला मत्सर असू शकतो, आणि कधी निव्वळ झोप झालेली नसते. प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. भीती असेल तर कामाचे तुकडे करून पहिला तुकडा कुणाला तरी दाखवा. अपमान वाटला असेल तर त्या व्यक्तीशी एकट्याने बोला. मत्सर असेल तर तसं काम मिळवण्यासाठी काय लागतं ते विचारा. दमला असाल तर घरी जा. नाव चुकलं की उपायही चुकतो, आणि दमलेला माणूस सहकाऱ्याशी भांडून बसतो.

नाव देण्याने आणखी एक होतं. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या भावनेला शब्दांत नाव दिलं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. धोक्याची जाणीव झाली की हाच भाग चटकन जागा होतो.

वहीत रोज एकच प्रसंग लिहा. चार रकाने पुरेत : काय घडलं, शरीरात काय जाणवलं, भावनेचं नाव, मी काय केलं. ‘काय घडलं’ या रकान्यात फक्त कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच लिहायचं. ‘सरांनी मला कमी लेखलं’ हे कॅमेऱ्यात दिसत नाही. ‘मी बोलत असताना सरांनी मोबाइल बघितला आणि पुढच्या मुद्द्यावर गेले’ हे दिसतं. हा फरक करणं सुरुवातीला फार जड जातं. पण याच एका सवयीने मी नव्या मुलांमध्ये सगळ्यात मोठा बदल झालेला पाहिला आहे. घडलेलं आणि आपण लावलेला अर्थ वेगळे झाले की रागाचं निम्मं इंधन संपतं.

तीन-चार आठवड्यांनी वही चाळा. तीच व्यक्ती, तीच वेळ किंवा त्याच प्रकारचं काम पुन्हा पुन्हा दिसेल. पुढची पायरी तिथूनच सुरू करायची.

३. उत्तर देण्याआधीचं वाक्य तयार ठेवा

पारा चढला की नवं काही सुचत नाही, म्हणून वाक्यं आधीच ठरवून ठेवावी लागतात. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये एका साध्या युक्तीबद्दल लिहिलं होतं. ‘मी शांत राहीन’ असा मोघम निश्चय टिकत नाही. ‘असं झालं, तर मी हे करीन’ असा जोड निश्चय जास्त वेळा पाळला जातो.

वहीत सापडलेल्या तुमच्या प्रसंगांसाठी अशा दोन-तीनच जोड्या लिहा. उदाहरणार्थ :

- माझ्या कामावर सगळ्यांसमोर टीका झाली, तर मी विचारीन, ‘यातला नेमका कोणता भाग बदलायला हवा?’
- मला न पटणारी गोष्ट अचानक सांगितली गेली, तर मी म्हणेन, ‘मला यावर थोडा विचार करू दे. दुपारी तीनपर्यंत कळवते.’
- डोळे भरून आले, तर मी म्हणेन, ‘मला पाच मिनिटं द्या, परत येऊन बोलते.’ आणि परत यायचंच.

सापळा इथे असा आहे की ‘भावना हाताळणं’ म्हणजे चेहरा कोरा ठेवून राग गिळणं, असं बहुतेकांना वाटतं. जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत चेहऱ्यावर भावना दिसू न देण्याची सूचना मिळालेल्या लोकांना, त्या दरम्यान दाखवलेले आणि सांगितलेले तपशील कमी आठवले. म्हणजे बैठकीत राग गिळून बसलेला माणूस बाहेर शांत दिसतो, पण काय ठरलं ते त्याच्या हातातून निसटतं. आपण लावलेला अर्थ बदलून बघणं त्यापेक्षा बरं. ‘यांना माझ्यावर विश्वास नाही’ याऐवजी ‘यांना वर कुणाला तरी उत्तर द्यायचं आहे, म्हणून खोदून विचारताहेत’ असंही असू शकतं. ते खरं आहे की नाही, हे नंतर विचारून घेता येतं. त्या घटकेला पुढचं ऐकू येणं महत्त्वाचं.

रात्री रागात लिहिलेला निरोप सकाळपर्यंत मसुद्यात ठेवा. ज्याला पाठवायचा त्याचं नाव घालायची जागा रिकामी सोडूनच लिहा, म्हणजे चुकून जाणार नाही.

४. ऐकलेलं परत सांगा

सगळ्या पायऱ्यांतली एकच करणार असाल तर ही करा.

२७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुकं होतं. धावपट्टीवर केएलएम आणि पॅन अॅम या कंपन्यांची दोन मोठी विमानं होती. केएलएमच्या विमानातून ‘आता आम्ही उड्डाणाच्या स्थितीत आहोत’ अशा अर्थाचं मोघम वाक्य रेडिओवर गेलं. नियंत्रकाने ‘ओके’ म्हटलं आणि पुढे थांबायला सांगितलं. नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या विमानातूनही संदेश सुटला आणि थांबायची सूचना आवाजाच्या गोंधळात बुडाली. दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का, अशी शंका केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली. अनुभवी कॅप्टनने ती उडवून लावली. ५८३ माणसं मेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा अपघात आहे. तिथली माणसं आपापल्या कामात तरबेज होती. एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या डोक्यात वेगळ्या अर्थाने उतरलं, आणि ज्याला शंका आली त्याचा आवाज पुरेसा चढला नाही.

त्यानंतर रेडिओवरची भाषा काटेकोर झाली. उड्डाणासाठीचा ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, परवानगी ऐकणाऱ्याने नुसतं ‘ओके’ न म्हणता ती परत म्हणून दाखवायची, ही शिस्त पक्की झाली. तुमच्या कामात जीव जात नसतील, दिवस मात्र जातात. काम सांगितलं गेलं की ते तुमच्या शब्दांत परत सांगा : ‘म्हणजे मी गेल्या तीन महिन्यांची यादी करायची, रद्द झालेल्या नोंदी वगळायच्या आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत तुम्हाला द्यायची, बरोबर?’ दहा सेकंद लागतात. आणि बरेचदा समोरचा म्हणतो, ‘नाही नाही, रद्द झालेल्याच नोंदी हव्यात.’

परत सांगताना पोपटपंची नको. तुम्ही काय करणार आहात ते सांगा, म्हणजे गैरसमज उघडा पडतो. ‘समजलं ना?’ असं कुणी विचारलं की आपण सवयीने मान हलवतो. मान हलवण्याऐवजी एक वाक्य बोला. हे मूर्खपणाचं दिसेल अशी भीती नव्या माणसाला वाटते. माझ्या अनुभवात वरिष्ठ अशा माणसावर उलट लवकर विसंबू लागतात.

कुणी वैतागून मन मोकळं करत असेल, तर तिथेही हेच, फक्त आधी भावना परत सांगायची : ‘तुमचं काम तयार होतं आणि आमच्यामुळे ते तुम्हाला दोनदा करावं लागलं, म्हणून तुम्ही चिडला आहात.’ मग थांबायचं. उपाय लगेच सुचवू नका. समोरच्याने ‘हो, तेच तर’ म्हटलं की पुढे बोला.

५. लिहिताना तुमचा आवाज पोहोचत नाही हे धरून चाला

जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ईमेलवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपलं वाक्य गंभीर आहे की उपरोधाचं, हे वाचणाऱ्याला ७८ टक्के वेळा कळेल असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते ५६ टक्के वेळाच कळलं. नाणं उडवून ठरवलं तरी ५० टक्के बरोबर येतं. लिहिताना आपला सूर आपल्या कानात वाजत असतो, वाचणाऱ्याच्या कानात तो नसतो.

म्हणून लेखी निरोपात थट्टा, टोमणा, ‘बघू’, ‘ठीक आहे’ असे दुहेरी अर्थाचे शब्द टाळा. पहिल्या ओळीत काय हवं आहे आणि कधीपर्यंत, ते लिहा. कारणं त्याखाली. नापसंती, नकार किंवा चूक दाखवायची असेल तर फोन करा किंवा समोर जाऊन बोला आणि ठरलेलं नंतर दोन ओळींत लिहून पाठवा. तिसरं उलटसुलट उत्तर आलं की लिहिणं थांबवायचं आणि बोलायचं, हा नियम मी सगळ्यांना घालून देते. निरोपाची प्रत वरिष्ठांनाही पाठवून सहकाऱ्याची चूक दाखवणं शक्यतो टाळा. ते काम एकदा होतं, पण नंतर तो सहकारी तुम्हाला स्वतःहून काहीच सांगत नाही.

६. वाईट बातमी लवकर पोहोचवा

नव्या माणसाची खरी पारख इथे होते.

एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांमधल्या पथकांचा आणि औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या पथकांत चुका कमी असतील, असा अंदाज होता. आकडे उलटे आले : चांगल्या पथकांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर दिसलं की तिथे लोक चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होते. इतर ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. प्रश्न विचारला, चूक कबूल केली, तर आपली अवहेलना होणार नाही हा संघातला सामायिक विश्वास. याला त्यांनी १९९९ च्या लेखात मानसशास्त्रीय सुरक्षितता म्हटलं.

सगळ्या संघाचं वातावरण तुम्ही एकट्याने बदलू शकणार नाही. पण तुमच्याकडून जाणारी बातमी कशी जाते, ते तुमच्या हातात आहे. या क्रमाने सांगा :

- काय झालं, एका वाक्यात.
- याचा परिणाम कुणावर आणि कधी होईल.
- मी आत्तापर्यंत काय केलं आहे.
- मला तुमच्याकडून काय हवं आहे.
- पुढची खबर मी कधी देईन.

‘शुक्रवारचा अहवाल शुक्रवारी होणार नाही. सोमवारच्या बैठकीवर परिणाम होईल. दोन विभागांची माहिती आली आहे, तिसऱ्याची नाही. मी आज सकाळी त्यांना पुन्हा विचारलं. तुम्ही त्यांच्या प्रमुखांशी बोललात तर उद्या मिळू शकेल. उद्या बारा वाजता मी स्थिती कळवते.’ हे बोलायला अर्धं मिनिट पुरतं.

इथे दोन सापळे आहेत. एक, माफीच्या पुरात माहिती बुडवणं. ‘सॉरी सर, खरंच सॉरी, माझ्याकडून असं व्हायला नको होतं’ असं तीन वेळा म्हणून झाल्यावरही समोरच्याला काय बिघडलंय ते कळलेलं नसतं. उलट तुम्हाला धीर देण्याचं काम त्याच्यावर येतं. माफी एकदाच मागा, मनापासून आणि माहिती दिल्यानंतर. दुसरा, इशारा इतका मऊ करणं की तो इशारा वाटतच नाही. २८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं विमान पोर्टलंडजवळ कोसळलं. चाकांच्या बिघाडाकडे लक्ष लागलेलं असताना त्याचं इंधन संपलं. इंधन घटत असल्याचा उल्लेख वैमानिक कक्षात झाला होता, पण तो ठामपणे पोहोचला नाही. अशा अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने एक कार्यशाळा घेतली, आणि वैमानिकांना संवाद, ऐकणं आणि कनिष्ठाने ठामपणे बोलणं याचं प्रशिक्षण देण्याची पद्धत सुरू झाली. आज ते त्यांच्या शिक्षणाचा नेहमीचा भाग आहे.

‘मला वाटतं कदाचित थोडा प्रश्न येऊ शकेल’ असं म्हणू नका. ‘मला काळजी वाटते. या वेगाने गेलो तर दहा तारीख चुकेल’ असं म्हणा. ऐकलं नाही तर एकदा पुन्हा, त्याच शब्दांत, नाव घेऊन सांगा. मग लेखी कळवा.

७. अभिप्राय मागा, मग द्या

‘माझं काम कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘छान’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा : ‘आजच्या सादरीकरणात एक गोष्ट बदलायची झाली तर कोणती?’ उत्तर आलं की बचाव करू नका. लिहून घ्या, आभार माना. पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी बोला. आणि जे बदललं ते त्या व्यक्तीला दाखवा. तिने पुढच्या वेळी पुन्हा खरं सांगावं, यासाठी एवढंच पुरतं.

देताना काळजी जास्त. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर काम सुधारण्याऐवजी घसरलं होतं. लक्ष कामावरून हटून माणसाच्या स्वतःबद्दलच्या प्रतिमेकडे गेलं की घसरण्याचा धोका वाढतो. ‘तू बेफिकीर आहेस’ हे माणसाबद्दल झालं. त्याऐवजी प्रसंग, वर्तन आणि परिणाम हा क्रम पाळा : ‘काल ग्राहकाबरोबरच्या बैठकीत तू दोनदा त्यांचं बोलणं मध्येच तोडलंस. त्यांनी त्यानंतर प्रश्न विचारणं थांबवलं.’ एवढं सांगून थांबा आणि त्याची बाजू ऐका. कौतुकालाही हाच क्रम लावा. ‘भारी काम’ यापेक्षा ‘तू यादीला अनुक्रमांक दिलेस, त्यामुळे मला तपासायला निम्मा वेळ लागला’ हे जास्त दिवस लक्षात राहतं.

टीकेच्या आधी आणि नंतर कौतुकाचा थर लावायची पद्धत मला पटत नाही. काही दिवसांनी लोक तुमचं कौतुक ऐकलं की धास्तावतात.

८. नाही म्हणताना कारणापेक्षा पर्याय द्या

‘जमणार नाही’ एवढंच म्हटलं तर आडमुठेपणा वाटतो, आणि सगळ्याला ‘हो’ म्हटलं तर शेवटी कुणाचंच काम वेळेवर होत नाही. हातातली कामं दाखवा आणि निवड समोरच्यावर सोपवा : ‘आज माझ्याकडे ही दोन कामं आहेत. हे तिसरं आज हवं असेल तर त्यातलं कोणतं उद्यावर टाकू?’ वरिष्ठांना हे आवडतं, कारण प्राधान्य ठरवणं हे त्यांचंच काम आहे.

९. बिनसलं तर चोवीस तासांत बोला

शब्दाला शब्द लागतो, हे होणारच. प्रसंग शिळा झाला की दोन्हीकडे आपापली कथा पक्की होते आणि मध्ये तिसरी माणसं येतात. एकट्याने गाठा, आपल्या वाट्यापासून सुरुवात करा : ‘काल मी आवाज चढवला, ते चुकलं. मुद्द्यावर आपलं मत वेगळं आहे, त्यावर बोलायचंय.’ माफी वागण्याची मागायची. मत पटत नसेल तर ते सोडायची गरज नाही. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ ही माफी नव्हे. त्यात सगळं खापर समोरच्याच्या हळवेपणावर फुटतं.

तुम्हाला भांडणातली एक बाजू तिसऱ्याकडून ऐकायला मिळाली तर विचारा, ‘हे तू त्यांच्याशी बोललास का?’ एवढं विचारलं की कुजबूज तुमच्याकडे यायची थांबते.

१०. कुठे थांबायचं ते ओळखा

हा भाग बहुतेक प्रशिक्षणांत गाळला जातो, म्हणून मी तो मुद्दाम लिहिते आहे.

आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये विमानातल्या सेवकवर्गाचा आणि थकबाकी वसूल करणाऱ्यांचा अभ्यास करून भावनिक श्रम ही कल्पना मांडली. मनात नसलेली भावना चेहऱ्यावर दाखवणं हा पगारी कामाचा भाग होतो आणि त्याची किंमत माणूस चुकवतो. तुमचं काम तसं असेल तर दमणं स्वाभाविक आहे. दोन कठीण संभाषणांच्या मध्ये काही मिनिटं मोकळी ठेवा आणि तो थकवा वहीत नोंदवा.

संघात सगळ्यांचे रुसवे काढणं, नव्यांना सामावून घेणं, वाढदिवस लक्षात ठेवणं ही कामं एकाच व्यक्तीवर, बरेचदा स्त्रियांवर, आपसूक येऊन पडतात. ती तुमच्याकडे साचली असतील तर वाटून घ्यायला सांगा, आणि वार्षिक मूल्यमापनात लिहा.

आणि छळ, धमकी, लैंगिक गैरवर्तन, जात-धर्म-रंगावरून हिणवणं यांना तुमच्या संवादकौशल्याची कमतरता समजू नका. ‘तुला लोकांना हाताळता येत नाही’ असं कुणी सुनावलं तरी नाही. तिथे समजूतदारपणा दाखवत बसू नका. तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार लिहून ठेवा आणि वर सांगितलेल्या नियमांनुसार तक्रार करा. समोरच्याच्या भावना चांगल्या ओळखणारी माणसं त्यांचा गैरफायदाही घेऊ शकतात. गोड बोलून तुमच्यावर अपराधीपणा लादणारा वरिष्ठ दिसला तर त्याचे शब्द सोडा आणि ठरलेल्या गोष्टी लेखी घ्या.

११. मुलाखतीत आणि मूल्यमापनात हे कसं दाखवायचं

‘माझी संवादकौशल्यं उत्तम आहेत’ या वाक्याला वजन नसतं. वहीतून तीन प्रसंग निवडा : एकात तुम्ही वाईट बातमी वेळेवर दिलीत, एकात मतभेद मिटवलात, एकात अभिप्रायानंतर काम बदललंत. प्रत्येकी परिस्थिती, तुम्ही काय केलं, काय निष्पन्न झालं, एवढं दोन मिनिटांत सांगता येईल असं तयार करा. सहकाऱ्यांची नावं आणि गोपनीय तपशील वगळा. जुन्या वरिष्ठांबद्दल कडवट बोलू नका. मुलाखत घेणारा तुमच्या जागी स्वतःला ठेवत नाही, तो स्वतःला त्या वरिष्ठांच्या जागी ठेवतो.

सुरुवात करायला पहिल्या महिन्यासाठी फक्त दुसरी आणि चौथी पायरी घ्या : रोज एक नोंद, आणि मिळालेलं प्रत्येक काम परत सांगणं. दुसऱ्या महिन्यात तिसरी आणि सहावी. तीन महिने झाले की यादीतल्या त्या अनुभवी व्यक्तीला आणि तुमच्या वरिष्ठांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारा : ‘मला एखादी गोष्ट सांगायला तुम्हाला अवघड जातं का, आणि कोणती?’ उत्तर लगेच येणार नाही. गप्प बसा, त्यांना वेळ द्या, आणि जे येईल ते वहीत लिहून घ्या.